द्वारपालाच्या अंगरख्यातलं बकरम

या, असे जवळ सरकून बसा. मागे बसणाऱ्याच्या कानावर अर्धंच पडतं आणि उरलेलं तो आपल्या मनाने भरतो. तसं व्हायला नको. गोष्ट लहान आहे, पण पोटभर आहे. एका सुनेची, तिच्या सासऱ्यांची आणि टीव्हीवरच्या एका म्हाताऱ्या द्वारपालाची.

सून शिवणकामाच्या दुकानात काजं-बटणं करायची. सासरे घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून लोकांची वेळ सुधारली. मग नजर मंदावली, बोटं थरथरायला लागली आणि दुकानाला कुलूप लागलं. तेव्हापासून म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलेला. मुलगा मालाच्या ट्रकवर, आठवडा आठवडा घराबाहेर. घरात उरले हे दोघं, आणि दोघांत बोलायला विषय नाही. ताट पुढे ठेवावं, दोन घास खाऊन ते "बास" म्हणत. माणूस असा घासाघासाने कमी होताना बघणं सोपं नसतं.

शिवणाच्या दुकानात दुपारी काम चालू असतानाच टीव्ही लागायचा. मालिका उडत्या घोड्यांची, शापित राण्यांची, बोलत्या तलवारींची. एका संध्याकाळी काहीतरी बोलायचं म्हणून सुनेने त्या दिवसाचा भाग सांगायला घेतला. कीर्तनात बुवा कसे एकटेच राजा होतात, राणी होतात आणि वेळ आली तर घोडाही होतात, तसं तिचं झालं. हातात पळी होती, तीच तलवार.

"...आणि राणीचा घोडा एका रात्रीत सगळे डोंगर ओलांडून आला."

भिंतीकडून आवाज आला, "मग सैन्य पायी का चाललंय?"

"काय म्हणालात, बाबा?"

"घोडा उडतो ना? मग सेनापतीला त्याच्यावर बसवून पुढे धाडायला काय झालं होतं? शिपायांचे पाय काय फुकटचे आहेत?"

बोलता बोलता ते उठून बसले होते. त्या दिवशी ताट पुसून स्वच्छ झालं.

मग तो नेमच पडला. सुनेने सांगायचं, सासऱ्यांनी खोड काढायची. "तू टीव्ही लावू नकोस," ते म्हणत, "त्यात नुसता ढणढणाट. दिसत तर काही नाहीच. तूच सांग." राणी त्यांना आवडायची नाही, राजपुत्र तर बिनचावीचं घड्याळ. आवडायचा फक्त द्वारपाल.

"त्या राज्यात कामाचा माणूस हा एकच. येणारेजाणारे त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, पण किल्ली त्याच्या कमरेला असते."

ते कोणाबद्दल बोलतायत, हे सुनेला कळत होतं.

आणि एका दुपारी मालिकेने तो द्वारपालच मारला. छातीत बाण लागला, दारातच कोसळला. दुकानात सुया थांबल्या. मशीनवर बसणाऱ्या थोरल्या बाईला सगळे वकिलीणबाई म्हणत. तिने तिथल्या तिथे खटला उभा केला.

"राणीने दिलेली संजीवनी अंगठी त्याच्याच बोटात आहे. अंगठी असून माणूस मरतो, म्हणजे ती काय हौस म्हणून घातली होती?"

दुकानाचे मास्तर इस्त्री फिरवत म्हणाले, "अगं, त्या नटाला दुसरीकडे काम मिळालं असेल. म्हणून मारला."

"मग रजेवर धाडायचा होता. द्वारपालांना रजा नसते का?"

सगळे हसले. सून हसली नाही. थोड्या वेळाने मास्तरांनी तिच्या हातातला कोट उचलून बघितला. पुरुषाच्या कोटाला बायकांच्या बाजूने काजाची खूण केलेली.

"काय गं धाकटे, घरचं कोणी गेलंय का?"

"तसंच समजा," ती म्हणाली.

घरी जाताना तिची पावलं जड होती. खरं सांगावं, तर म्हातारा पुन्हा भिंतीकडे वळणार. खोटं सांगावं, तर आजवर या माणसाशी ती कधी खोटं बोललेली नव्हती. दाराशी चपला काढताना तिने मनातल्या मनात देवाची क्षमा मागून टाकली.

"आज द्वारपालाला बाण लागला, बाबा," तिने ताट वाढत सुरुवात केली. "पण आत शिरलाच नाही. अंगरख्याला छातीशी दुहेरी बकरम होतं ना, आम्ही कॉलरीत घालतो तसलं ताठ कापड, त्यात अडकला. थंडीत दारात उभं राहायचं म्हणून बायकोने मुद्दाम जाड शिवून दिलं होतं. शत्रूला वाटलं, मेला. हा तसाच पडून राहिला, आणि अंधार पडल्यावर किल्ली घेऊन मागच्या दाराने निसटला. अंगठी वापरलीच नाही, कारण तिच्या उजेडाने पकडला गेला असता."

सासरे घास चावायचे थांबले.

"बकरम," ते म्हणाले. "त्या राज्यात बकरम कुठून आलं?"

सुनेची मान खाली.

"आणि आज सगळं जुळतंय कसं? इतके दिवस त्या लोकांनी एक गोष्ट धड जुळवली नाही. रोज मागेपुढे चालणारं घड्याळ एके दिवशी बिनचूक चाललं, की समजावं, कोणीतरी आतून हात लावलाय." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मारला ना त्याला?"

"हो, बाबा."

"अंगठी बोटात असताना?"

"बोटात असताना."

"गाढव आहेत."

ती भिंतीकडे बघत राहिली. आता वळतील, मग वळतील. पण सासऱ्यांनी भाताकडे बोट केलं. "वाढ अजून. आणि हे बघ, त्यांचा मेला तर मरू दे. आपला निसटलाय ना? किल्ली घेऊन गेलाय. म्हणजे आत शिरलेला शत्रू आतच कोंडला. मागचं दार बाहेरून लावलं का त्याने?"

"नाही लावलं, बाबा. सुचलंच नाही मला."

"मग लाव. एवढा जीव वाचवलास आणि दार उघडं ठेवतेस?"

तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने हे सांगितलं, तेव्हा वकिलीणबाईने उठून टीव्हीचा आवाज बंद केला. "पुढे बोल," ती म्हणाली. मास्तरांनी इस्त्री उभी ठेवली. त्यानंतर पडद्यावर माणसं तोंड हलवत राहिली आणि दुकान धाकटीच्या द्वारपालाचं ऐकत राहिलं. रोजची शंका वकिलीणबाई धाकटीबरोबर पाठवायची, निकाल घड्याळजी द्यायचे. हल्ली ते निकाल द्यायला सकाळपासूनच दाराशी खुर्ची टाकून बसतात.

माझी झोळी इथे रिकामी झाली. आता एवढं करा. कधी पडद्यावर एखादा म्हातारा दारात उभा दिसला, आणि राजाराणी त्याच्याकडे न बघता आत गेले, तर तुम्ही घडीभर त्याच्यापाशी थांबा, आणि आमच्या घड्याळजींची आठवण काढा.