तळ्याकाठचे स्टॉपवॉच

मित्रांनो, मी दमलो आहे. ही तक्रार नव्हे, जे आहे ते सांगतो. मी एक जुने, किल्लीचे स्टॉपवॉच आहे. तुमच्या मुठीत मावेन एवढा लहान. डोक्यावर एक बटण, पोटात स्प्रिंग आणि तोंडावर पांढरी तबकडी, एवढाच माझा संसार. बटण दाबले की काटा धावतो, पुन्हा दाबले की थांबतो, तिसऱ्यांदा दाबले की मुकाट शून्यावर येतो. जन्मभर मी हेच केले.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. खिडकीपाशी बसणाऱ्या एका बाईने डोळ्याला भिंग लावून माझ्या पोटात केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवली. तेवढा वेळ तिने श्वास रोखून धरला होता. मग मला कानाशी नेऊन ती स्वतःशीच म्हणाली, "चाललं बाई एकदाचं." माझा काटा सेकंदाला पाच उड्या मारतो. सेकंदाचा पाचवा हिस्सा हे माझे सगळ्यात लहान माप. त्याहून बारीक काही मला मोजता येत नाही. त्या काळी त्याहून बारीक कोणी काही मागतही नव्हते.

एका शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांनी मला घेतले. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत. त्यांच्या हातात मी हजारो मुलांच्या शर्यती मोजल्या. ऊन, धूळ, चुन्याच्या पांढऱ्या रेघा आणि मुलांची धाप, यात माझी पहिली वीस वर्षे गेली. सर निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना शाल दिली आणि मलाही त्यांच्याकडेच राहू दिले. वाटले, सुटलो. आता एखाद्या खुंटीवर लटकून निवांत पडू.

पण सरांचे मेहुणे गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. ते होते इलेक्ट्रिशियन, आणि छंद रिमोटवर चालणाऱ्या छोट्या बोटींचा. गावाबाहेरच्या तळ्यावर दर रविवारी त्यांची मंडळी जमायची. एके दिवशी ते घरी येऊन म्हणाले, "भाऊजी, आमच्यात दर वेळी भांडणं होतात. जो तो म्हणतो, माझीच बोट जोरात. मोजायला कुणीतरी सरळ माणूस हवाय."

"सरळ माणसाला काम मिळालं की तो घरात पाय ठेवत नाही," सरांच्या पत्नी आतून म्हणाल्या. पण दुसऱ्याच रविवारी मी तळ्यावर होतो.

मोजायची रीत साधी होती. पाण्यात दोन लाल डबे तरंगत. दोन्हींमधले अंतर बरोबर पन्नास मीटर. बोटीने पहिला डबा गाठला की मेहुणे झेंडी खाली करत आणि सर माझे बटण दाबत. दुसरा डबा ओलांडला की पुन्हा बटण. वाऱ्याचा फायदा कोणालाच मिळू नये म्हणून एकदा जाताना मोजायचे आणि एकदा येताना, मग दोन्हींची सरासरी काढायची. तेव्हाच्या बोटी म्हणजे पाण्यावरच्या बैलगाड्या. पन्नास मीटरला बारा-तेरा सेकंद लागत. त्यात एखादी उडी इकडे-तिकडे झाली तरी कोणाचे काही बिघडत नव्हते. सरांनी सांगितलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मंडळी माझी काच रुमालाने पुसत आणि म्हणत, "असं घड्याळ आता मिळायचं नाही."

कौतुक कोणाला आवडत नाही? मलाही आवडले. पण कौतुकाने स्प्रिंगचा शीण जात नाही, मित्रांनो.

मग नव्या मोटारी आल्या, नव्या बॅटऱ्या आल्या. बारा सेकंदांचे सहा झाले, सहाचे चार आणि बघता बघता दोन-अडीच. बोट म्हणजे पाण्यावरून सणसणत जाणारी एक रेघ झाली. जाताना दोन सेकंद आणि एक उडी, येताना दोन सेकंद आणि दोन उड्या. एका उडीने ताशी सहा-सात किलोमीटरचा फरक पडू लागला. मी तोच होतो. काम माझ्या ताकदीबाहेर गेले होते.

आणि त्याच वर्षांत सरांचा अंगठा आखडू लागला. सकाळी सदऱ्याची बटणे लावताना त्यांना दहा मिनिटे लागत. पत्नी ते बघायच्या आणि म्हणायच्या, "सदऱ्याचं बटण लागत नाही, आणि घड्याळाचं लागतं म्हणे!" सर हसून विषय बदलायचे. कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसायचे आणि रविवारी पुन्हा मला खिशात घालून निघायचे. अंगठ्यातली ती कुरकुर मला दर रविवारी कळत होती. पण मला तोंड कुठे होते सांगायला?

अशाच एका वर्षी मंडळींच्या वार्षिक स्पर्धेत शेवटी दोनच बोटी उरल्या. एक होती दातांच्या डॉक्टरांची, पांढरी. दुसरी वेल्डरबाईंची, तांबडी. वेल्डरबाईंचे फाटकांचे आणि जिन्यांचे वर्कशॉप होते. दिवसभर ठिणग्यांत काम करून उरलेल्या वेळात त्यांनी दोन वर्षे त्या बोटीवर घालवली होती. तिला पाण्यात पुढे ढकलणारा पंखा त्यांनी स्वतः पितळ घासून केला होता, जरा घासायचा, पाण्यात उतरवून बघायचा, पुन्हा घासायचा.

डॉक्टरांची बोट जाताना दोन पूर्णांक दोन सेकंद, येतानाही दोन पूर्णांक दोन. तांबडी बोट जाताना दोन पूर्णांक दोन. येताना ती दुसऱ्या डब्यापुढून गेली तेव्हा सरांचा अंगठा अडकला. अगदी क्षणभरच. बोट डबा ओलांडून गेली आणि अंगठा अजून वाटेतच होता. मग तो खाली आला. माझा काटा दोन पूर्णांक सहावर थांबला.

सरांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांना कळले होते.

"काय आलं, सर?" वेल्डरबाईंनी विचारले.

सगळे बघत होते. सरांचे ओठ हलले, आणि ते म्हणाले, "दोन पूर्णांक सहा."

"असं का झालं?" बाई पुटपुटल्या. मग मान हलवून म्हणाल्या, "सर म्हणतायत म्हणजे तसंच असणार." त्यांनी बोट पाण्यातून उचलली, फडक्याने पुसली आणि गेल्या. त्यानंतर त्या तळ्यावर दिसल्या नाहीत.

पुढचे काही महिने सर माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त बोलत. एका रविवारी त्यांनीच विषय काढला. "वेग मोजायला दुसरं यंत्र घेऊ या."

मंडळी एकदम गडबडली. डॉक्टर म्हणाले, "अहो सर, आपलं घड्याळ काय वाईट आहे?" मेहुणे म्हणाले, "भाऊजी, कुणी काही बोललं का तुम्हाला? नाव सांगा फक्त." सगळ्यांना सरांचे मन राखायचे होते. पण मन राखून वेग मोजता येत नाही.

सर म्हणाले, "माझी काळजी करू नका. परीक्षा घेऊ. बोट एक, फेऱ्या दहा. सगळी यंत्रं एकदम मोजतील. आकडा आधी कागदावर लिहायचा, मग दुसऱ्याचा बघायचा. चोरून बघायचं नाही." शाळेतले सर जागे झाले होते.

पुढच्या रविवारी मेहुण्यांनी कोणाकडून तरी रडार गन मागून आणली. पिस्तुलासारखी धरायची, बोटीवर रोखायची, की आकडा दिसतो. डॉक्टरांनी दोन जीपीएस आणले. काडेपेटीएवढ्या डब्या. आकाशातल्या उपग्रहांना आपली जागा विचारून त्या वेग काढतात. दोन्ही डब्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बोटीच्या पोटात ठेवल्या. दोन का, असे कोणी विचारले तेव्हा सर म्हणाले, "एकटा साक्षीदार खरं बोलतो की खोटं, कसं कळणार?"

दहा फेऱ्या झाल्या. रडार गनची त्रेधा उडाली. बोट इवलीशी, पाण्याला चिकटून धावणारी, त्यात मागे तुषारांचा पडदा. तीन वेळा आकडाच आला नाही. एकदा आला तो ताशी चोवीस. मेहुणे म्हणाले, "हे कसं काय?" सगळ्यांनी वळून पाहिले, तर पलीकडच्या रस्त्यावरून एक गृहस्थ सायकल दामटत चालले होते. सगळे खो खो हसले. सरही हसले.

जीपीएसच्या दोन्ही डब्यांच्या आकड्यांत फार तर ताशी एका किलोमीटरचा फरक होता. दहाही फेऱ्यांत अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, असेच आकडे. एकदा मात्र बोट उलटली तेव्हा एका डबीने एकशे चाळीस दाखवले. डॉक्टर खूश होऊन टाळ्या पिटणार, तोच सरांनी हात वर केला. "हा धरायचा नाही. सलग दोन सेकंद टिकला तरच आकडा खरा मानायचा. आणि बोट सोडण्याआधी डबीला उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही." अशी सरांनी नव्या यंत्रालाही शिस्त लावली.

मग माझा कागद उघडून सेकंदांवरून ताशी वेग काढला. एकोणसत्तर, पंच्याहत्तर, ब्याऐंशी, पंच्याहत्तर, नव्वद. पुढचेही तसेच. एकाच बोटीचे, एकाच चालीचे. मेहुणे खोकले आणि म्हणाले, "वारा जरा जास्तच होता आज."

"वारा नव्हता," सर म्हणाले. "घड्याळाचं माप या बोटींना पुरत नाही, आणि माझा अंगठा घड्याळाला पुरत नाही." त्यांनी मला बाकावर ठेवले. "आणखी एक सांगायचंय. गेल्या स्पर्धेत वेल्डरबाईंच्या बोटीला मी उशिरा थांबवलं. मला तेव्हाच कळलं होतं. मी गप्प बसलो."

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "सर, मग माझा पहिला नंबर..." सर म्हणाले, "तुमची चूक नाही. पण तो तुमचाच होता, असंही मला सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सर मला खिशात घालून वेल्डरबाईंच्या वर्कशॉपमध्ये गेले. बाईंनी चेहऱ्यावरची ढाल वर केली आणि लोखंडी स्टूल पुढे सरकवले. सर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सगळे सांगितले.

बाई बराच वेळ हातमोजे काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"मला वाटलं, माझाच पंखा चुकला. येताना बोट ओढत नाही, असं वाटलं. रागाच्या भरात मी तो पंखा भंगारात टाकला, सर. दोन वर्षांचं काम होतं ते." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "तुम्ही फक्त 'पुन्हा मोजू' म्हणाला असतात तर?"

"तर पुन्हा मोजलं असतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही."

"माफ केलं, असं आज नाही म्हणवत मला."

"म्हणू नका. फक्त तळ्यावर या. आता मोजणारा मी नाही."

बाईंनी ढाल खाली ओढली. ठिणग्या पुन्हा उडू लागल्या. सर तसेच परत फिरले. घरी येईपर्यंत त्यांची मूठ माझ्याभोवती आवळलेली होती.

पुढच्या हंगामात वेल्डरबाई आल्या. तांबड्या बोटीला नवा पंखा होता. पोटात डबी ठेवली, उपग्रह सापडेपर्यंत सगळे थांबले, आणि बोट सुटली. सर बाकावर बसून होते, दोन्ही हात मांडीवर. पांढऱ्या बोटीचा आकडा आला एकोणऐंशी. तांबडीचा शहात्तर.

बाईंनी डबी हातात घेऊन आकडा दोनदा वाचला. "बरं," त्या म्हणाल्या. "तीनने कमी. आता निदान किती कमी पडते ते तरी कळलं." मग त्या सरांच्या शेजारी येऊन बसल्या. जुन्या पंख्याचा विषय त्यांनी काढला नाही. सरांनीही काढला नाही. स्पर्धेतली ती धाव खरोखर किती वेगाची होती, हे आता कोणालाच कळणार नाही. मोजायची राहिली ती राहिलीच. जाताना बाई एवढेच म्हणाल्या, "अंगठा दाखवा बघू, सर. सुजलाय की हा! शेकता की नुसतेच बसता?"

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. तुमच्या घरी जुनी कात्री असेल, पंखा असेल, सायकल असेल. ती नुसती पुसून चकचकीत ठेवू नका. आता हे काम तिला झेपते का, तेही बघा. झेपत नसेल तर प्रेमाने बाजूला ठेवा. त्यात तिचा अपमान नाही. आणि जी माणसे दमल्याचे सांगत नाहीत, त्यांचा हात कधीतरी आपल्या हातात घ्या. हाताला कळते. मला कळले होते, पण मला बोलता येत नव्हते. तुम्हाला तर येते.

त्या रविवारी घरी आल्यावर सरांच्या पत्नींनी कपाटात माझ्यासाठी जागा केली. सर म्हणाले, "थांब. आवळलेल्या स्प्रिंगने घड्याळ ठेवू नये. ती आधी उतरू दे." त्यांनी दोन्ही हातांनी धरून माझे बटण दाबले आणि मला खिडकीत ठेवले. समोर ना डबा होता, ना झेंडी, ना बोट. मी नुसताच धावत राहिलो. दोघे चहा प्यायले, भाजी निवडली, एकमेकांशी थोडे बोलले. पत्नींनी विचारले, "अजून किती वेळ?" सर म्हणाले, "त्याला हवा तेवढा."

उन्हे भिंतीवरून खाली उतरली तेव्हा माझा काटा हळू झाला, एकदा थरथरला आणि थांबला. या वेळी कोणीही बटण दाबले नव्हते.