वजनाची एकच डबी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे आणि माझ्या अंगावरच्या नव्या कोटाची मला किळस येते.

प्राण्यांच्या दवाखान्यात मी भुलीच्या इंजेक्शनचा डोस काढून देतो. डॉक्टरबाईंच्या थोरल्या बहिणीने, गणित शिकवणाऱ्या ताईने, मला लिहिले. चाळीस ओळी, बस्स! जनावराचे वजन घ्यायचे, स्मरणातल्या डबीत ठेवायचे, त्यावरून डोस काढायचा. टेबल एक, जनावर एक, म्हणून डबीही एकच. अकरा वर्षांत माझी एक चूक झाली नाही. "ताईचं हे लेकरू गुणी आहे हो," डॉक्टरबाई म्हणायच्या.

मग दवाखान्यात दुसरे टेबल आले आणि पाठोपाठ एक सल्लागार आला. मला पाहून त्याने नाक मुरडले. "शी! नुसतं एकाखाली एक लिहिलंय. आता सगळं ऑब्जेक्टमध्ये करतात."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. क्लास म्हणजे साचा. साच्यातून हवी तितकी ऑब्जेक्ट काढावीत, प्रत्येकाच्या पोटात त्याचे त्याचे वजन ठेवावे. दोन टेबलांना हेच हवे होते. पण त्यासाठी त्याला आधी माझ्या ओळी वाचाव्या लागल्या असत्या! या गृहस्थाने 'प्राणी' नावाचा क्लास केला, त्याची पिल्ले 'कुत्रा' आणि 'मांजर', आणि माझ्या चाळीस ओळी न वाचता आत कोंबल्या. घामेजल्या अंगावर कोट चढवावा, तसे. बाहेर दोन ऑब्जेक्ट, आत डबी तीच.

पहिल्याच आठवड्यात एक आजोबा आपली मांजर घेऊन आले. वजन दोन किलो. डोस काढण्याआधीच दुसऱ्या टेबलावर कुत्रा आला. त्याचे चाळीस किलो डबीत पडले, मांजरीचे दोन पुसले गेले. मग मांजरीचा डोस विचारला. डबीत होते त्यावरून मी सांगितला. अकरा वर्षांच्या विश्वासाने डॉक्टरबाईंनी सुई भरली.

"अहो बाई, थांबा!" जनावरे धरणाऱ्या मावशी ओरडल्या. "मांजर आहे ही! एवढ्यात घोडा आडवा होईल!"

सुई थांबली. आजोबांनी मांजर उचलून छातीशी धरली.

"जुन्या कोडचा दोष," सल्लागार म्हणाला. निर्लज्ज! आणि दुरुस्ती काय केली? माझ्या संगणकाच्या पडद्यावर चिठ्ठी चिकटवली: 'एका वेळी एकच जनावर घ्यावे.'

दुसऱ्या टेबलावर आता मावशींची पिशवी असते. पडदा पुसताना त्या मला म्हणतात, "कोट मात्र झकास हो तुझा!"

मित्रांनो, नव्याचा मला राग नाही. पण मला झाकण्याआधी एकदा वाचा. चाळीसच ओळी आहेत हो!