अंगठीवर पडलेला हात

बिशपसाहेबांनी तिसऱ्यांदा ट्रंक उघडली आणि तिसऱ्यांदा लावली. आत काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते डोक्यात, आणि ते काही केल्या विसरता येत नव्हतं.

तेहतीस वर्षांपूर्वी ते समुद्र ओलांडून इथे मास्तर म्हणून आले. सुरुवातीला ते इथली भाषा बोलायला तोंड उघडत आणि अख्खा वर्ग हसून लोळे. पुढे चर्चचे पाळक झाले, मग बिशप. चार शाळा काढल्या, एक दवाखाना बांधला, बायकोला इथल्याच मातीत ठेवलं. परवा त्यांची बोट सुटणार होती आणि उद्या त्यांच्या जागी लंबू बिशप होणार होता. लंबू म्हणजे त्यांनीच हाताखाली घडवलेला पाळक. दाराच्या चौकटीला कपाळ आपटणारा गावात तो एकटाच, त्यामुळे त्याचं खरं नाव कुणी घेतच नसे.

आणि या लंबूपायीच साहेब आठवडाभर जेवणाचं ताट अर्धंच टाकून उठत होते.

अकरा वर्षांपूर्वी लंबूसह पाच जणांना पाळकपदाची दीक्षा द्यायची होती. रीत अशी की उमेदवार गुडघे टेकतो, बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणतो आणि हजर असलेले पाळकही भोवती दाटीवाटीनं हात ठेवतात. बिशपचा हात पडला तर पाळक, नाहीतर नुसता झगा. लंबूच्या डोक्यावर थोरल्या पाळकांनी आपला भलामोठा पंजा आधीच पसरून ठेवला होता. साहेबांचा हात पडला तो त्या पंज्यावर. तळव्याखाली केस लागले नाहीत, थोरल्या पाळकांची थंडगार अंगठी लागली. 'जरा हात काढा' एवढंच म्हणायचं होतं. पण थोरले पाळक वयानं मोठे, समोर चर्च खचाखच भरलेलं. साहेबांनी प्रार्थना म्हटली आणि पुढे सरकले. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगाच नाही.

पुढे थोरले पाळक वारले आणि साहेबांनी तो विषयही त्यांच्याबरोबर पुरला. पण उद्या त्याच लंबूला बिशप करायचं म्हणजे पाया कच्चा आणि वर मजला! शिवाय आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे तर ते वळूनही बघत नसत. सहा वर्षांपूर्वी साहेब दौऱ्यावर असताना त्यांची बायको वारली; सगळं गाव तिला बाई म्हणे. बाईंना शेवटचं प्रभुभोजन, प्रार्थनेनं पवित्र केलेली भाकर, लंबूनंच दिलं होतं; आणि तो पाळकच नसेल तर ती नुसती भाकर.

दुपारी भर उन्हात साहेब छत्री विसरून शाळेत गेले. लंबू रिकाम्या वर्गात बाकाचा मोडका पाय करवतीनं कापून नवा ठोकत बसला होता.

"साहेब, तुम्ही? निरोप धाडायचा होता, मी आलो असतो."

"असू दे, असू दे. तुझ्या दीक्षेच्या दिवशी..." साहेबांनी बाकाची कड धरली. "माझा हात..."

लंबूनं हातोडी खाली ठेवली. "थोरल्या पाळकांच्या हातावर होता. ठाऊक आहे मला."

"अकरा वर्षं ठाऊक होतं तुला?"

"डोकं माझंच होतं ना, साहेब! पण पहिल्या रांगेत आई बसली होती, नवं लुगडं नेसून. कसं बोलणार? मग दर रविवारी भाकर मोडताना तेच आठवायचं. वाटायचं, आज तरी साहेब बोलावतील."

साहेब जवळच्या बाकावर बसले. "आणि बाईंना तू तसंच..."

"नाही. त्यांना सांगितलं. भाकर हातात घेतली, पण हात पुढे होईना. मग सगळं बोलून टाकलं." लंबूनं हाताचा भुसा झटकला. "त्या हसल्या. म्हणाल्या, 'यांच्या डोक्यात प्रकाश नेहमी उशिराच पडतो, पण पडतो. ते आपणहून येतील, तोवर तू बोलू नकोस. आणि आता दे. मला तुझ्या हातचं चालेल.'"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, तरी समोरचं काही दिसेना. लंबूनं तिथेच भुशात गुडघे टेकले. साहेब उठून उभे राहिले, तरी गुडघ्यावर बसलेल्या लंबूचं डोकं त्यांच्या छातीला लागत होतं.

साहेब पुढे वाकले. त्यांनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. केस घामानं ओले होते आणि त्यांत लाकडाचा भुसा अडकला होता. प्रार्थना तोंडपाठ होती. पण लंबूनं अकरा वर्षं वाट पाहिली, बाईंनी शेवटच्या श्वासापर्यंत पाहिली, आणि आज पहिला शब्द काही केल्या फुटत नव्हता.

"सावकाश म्हणा, साहेब," लंबू म्हणाला. "मी उठत नाही."