अकराशे काय?

आई गेल्यावर बाबांचं बोलणं इतकं आटलं, की दाराची घंटा वाजली तरी ते "कोण?" म्हणून विचारत नसत, नुसतं दार उघडून उभे राहत. लेकीला ते बघवेना. ती एका छोट्या गेम स्टुडिओत चाचणीच्या कामाला होती. अर्धाकच्चा गेम मोडेपर्यंत खेळायचा आणि कसा मोडला ते लिहून द्यायचं, हीच तिची भाकरी. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत नऊ माणसं दोन वर्षं पाणबुडीच्या खेळावर खपत होती. आणि बाबांनी बावीस वर्षं पाणबुडीत, कानाला हेडफोन लावून, पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या सोनारच्या यंत्रापुढे काढलेली. एका रविवारी तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. म्हटलं, तेवढाच विरंगुळा.

तिसऱ्या दिवशी बाबांनी तिच्या हातात चार फुलस्केप कागद ठेवले. त्रेचाळीस चुका, क्रमांक घालून. पाण्याची खोली एका पडद्यावर फुटांत, दुसऱ्यावर मीटरमध्ये. वेग कुठे नॉटमध्ये, कुठे ताशी किलोमीटर. आणि पहिल्याच क्रमांकाला लिहिलं होतं: "तुमचा टॉर्पेडो फार शहाणा आहे. खरा टॉर्पेडो आंधळा असतो. त्याला फक्त कान असतो, तोही पुढच्या बाजूला. किती अंतर गेल्यावर तो कान उघडायचा, हे सोडण्याआधी माणसानं सांगायचं असतं. कान उघडला की जो आवाज आधी ऐकू येईल त्याच्यामागे तो जातो. आपला आणि परका त्याला कळत नाही."

स्टुडिओच्या मालकानं ते कागद उभ्याउभ्या वाचले आणि मांडीवर थाप मारली. "सोनारानंच कान टोचलेले बरे! उद्यापासून घेऊन ये त्यांना."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून रोज साडेनवाला हजर होऊ लागले. कुणी काही आकडा बोललं, की त्यांचा प्रश्न ठरलेला: "गज की मीटर?" कॅन्टीन किती लांब आहे सांगितलं तरी हेच. आठवड्याभरात सगळे त्यांना गजकाका म्हणू लागले. कोड लिहिणाऱ्या दाढीवाल्यानं एकदा अगदी भोळा चेहरा करून विचारलं, "काका, गज म्हणजे हत्ती ना? मग टॉर्पेडो अकराशे हत्ती पुढे जाऊन कान उघडतो?"

बाबा हसले. चांगले खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेजारच्या टेबलावर लेकीचे हात कीबोर्डवर तसेच थांबले. वर्षभरानं ऐकलं होतं तिनं ते हसू. मात्र हसून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला तो बराच वेळ पुसतच राहिले, हेही तिनं पाहिलं.

खटका उडाला तो मापांवरूनच. मालकाचं म्हणणं, खेळणाऱ्याला मीटर हवेत तर मीटर, गज हवेत तर गज. एक बटण दाबलं की झालं. बाबा खुर्चीतून उठलेच.

"एका बोटीवर एकच माप. बटण नको."

"काका, खेळ आहे हा. ज्याला जे सोपं जाईल ते."

"तिथंच तर घात होतो!" त्यांचा आवाज इतका चढला, की खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन वर बघू लागला. मालकानं त्यांना पाणी दिलं, समजूत काढली. पण बटण आलंच.

पुढच्याच गुरुवारी दुपारी लेकीला त्या बटणात मोठी चूक सापडली. खेळ चालू असताना मीटरवरून गजावर गेलं, की माप बदलायचं पण आकडा तोच राहायचा. गज मीटरहून तोकडा. त्यामुळे टॉर्पेडोचा कान आधीच उघडायचा. तिच्या डोळ्यांदेखत टॉर्पेडो वाटेतच वळला आणि स्वतःच्याच पक्षाच्या होडीवर जाऊन आदळला. मोठा मासा गळाला लागला, की चाचणीवाल्याला होतो तो आनंद तिला झाला. तिनं सगळ्यांना हाका मारून गोळा केलं.

"अरे, आपल्याच होडीला जलसमाधी!" दाढीवाला म्हणाला आणि हशा पिकला.

बाबा मागून आले. पडद्याकडे बघत राहिले. "आकडा किती होता?"

तिनं सांगितला. त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले. डबा टेबलावरच राहिला.

ती डबा घेऊन मागे धावली. ते बसथांब्याच्या बाकावर बसले होते. दोन बस आल्या आणि गेल्या. तिसरी गेल्यावर ते बोलले.

"तुझा मामा कसा गेला, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. घरात कितीदा तरी ऐकलेलं. आईचा धाकटा भाऊ बाबांच्याच ताफ्यात होता. सरावाचा टॉर्पेडो बिघडला आणि त्याच्या लाँचवर आदळला. स्फोटकं नव्हती त्यात, पण दीड टन लोखंड ते. लाकडी लाँचच्या चिरफळ्या झाल्या. दोघं पाण्यात पडले. एकाला काढलं, मामा सापडला नाही. चौकशीत निघालं, यंत्रदोष. तेव्हापासून आईनं यंत्रांशी उभा दावा मांडला. "यंत्राला डोळे नसतात," म्हणायची. कपडे धुण्याचं मशीन तिनं शेवटपर्यंत घरात येऊ दिलं नाही. चादरी, पडदे, जाड काय असेल ते बाबाच हातानं धुवायचे. त्यांनी एकदाही वाद घातला नाही.

"यंत्र बिघडलं नव्हतं," बाबा म्हणाले. "आमच्या बोटीवर नवा सोनार बसवला होता. तो मीटर दाखवायचा. टॉर्पेडोच्या खोलीतली तबकडी जुनी, गजांची. लक्ष्य होतं दोन हजारांवर. त्याच्या अलीकडे, जरा बाजूला, तुझ्या मामाची लाँच. टॉर्पेडो तिला ओलांडून गेला की मगच त्याचा कान उघडायचा, असं ठरलेलं. मला विचारलं, लाँच किती? मी म्हटलं, अकराशे."

"मीटर."

"मीटर. पण 'मीटर' हा शब्द तोंडातून निघाला नाही. घाई होती. टॉर्पेडोच्या खोलीतल्या माणसानं, लाँच ओलांडून जावी म्हणून, पन्नास वाढवून साडेअकराशे लावले. गज. साडेअकराशे गज म्हणजे एक हजार बावन्न मीटर. लाँच अजून अठ्ठेचाळीस मीटर पुढे होती, आणि कान उघडला."

"पण चौकशीत..."

"चौकशीत विचारलं, तुम्ही अंतर किती सांगितलंत? मी म्हटलं, अकराशे. त्यांनी लिहून घेतलं. अकराशे काय, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही."

"आणि आईला?"

त्यांनी डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. "रोज वाटायचं, आज सांगू. तीस वर्षं."

त्या संध्याकाळी लेक त्यांच्याशी बोलली नाही. आईची बाजू घ्यावी तर समोर हा म्हातारा. ह्याची घ्यावी तर आई आता भांडायलासुद्धा नाही. ताटं मांडली, उचलली. झोपायला जाताना बाबा दारात म्हणाले, "माझी एक चाचणी करशील? तसाच प्रसंग उभा कर. तीच अंतरं. आकडा बरोबर लावला असता तर काय झालं असतं, एकदा बघू दे."

शनिवारी ऑफिस बंद. ती सकाळीच एकटी गेली. प्रसंग मांडला, चुकीचा आकडा घालून वीस वेळा चालवला. वीसपैकी सतरा वेळा टॉर्पेडो लाँचवर गेला. मग बरोबर आकडा घातला. वीसपैकी एकदाही नाही. दर वेळी तो लाँचच्या शेजारून मुकाट पुढे जायचा, शेचाळीस मीटर ओलांडायचा, मग कान उघडायचा. बाबा दुपारी येणार होते.

तिनं फाईल उघडली. टॉर्पेडोला किती कोनातलं ऐकू येतं, तो आकडा तिथं होता. तिनं तो वाढवला, इतका की त्याला मागचंही ऐकू यावं. आता बरोबर आकडा घालूनही टॉर्पेडो पुढे जाऊन, वळून, लाँचवर परत येऊ लागला. आपण हे कुणासाठी करतोय, त्यांच्यासाठी की स्वतःसाठी, याचा विचार करायला तिनं स्वतःला सवड दिली नाही.

बाबा आले. तिनं दाखवलं. "बघा, काहीही सांगितलं असतंत तरी तेच झालं असतं."

ते पडद्याला नाक लागेल इतके वाकून बघत होते. "परत चालव." तिनं चालवलं. "परत." तिसऱ्यांदा टॉर्पेडो वळला तेव्हा त्यांनी हळूच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"टॉर्पेडोला मागचं ऐकू येत नाही, पोरी. ते मीच लिहून दिलंय तुम्हाला."

ती टेबलावर डोकं टेकून रडली. ते उभेच राहिले, तिची पाठ थोपटत. मग म्हणाले, "आता खरं दाखव." तिनं आकडा पुन्हा होता तसा केला. वीसच्या वीस वेळा त्यांनी पाहिलं. लाँच दर वेळी तिथंच, पाण्यावर धडधाकट.

पुढच्या आठवड्यात दोघं मामीकडे गेले. मामी चार तासांच्या अंतरावरच्या गावी एका खोलीत राहायची, शिवणकाम करून. पुन्हा लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. बाबांना दारात बघून तिला आनंदच झाला. "भाऊजी! किती वाळलात हो," म्हणत तिनं मशीनवरचे कपडे बाजूला सारून त्यांना खुर्ची दिली.

बाबा बसले नाहीत. बसथांब्यावर सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं, सगळं सांगितलं. मामीनं शेवटपर्यंत ऐकलं. हातातली कात्री तशीच हातात. मग ती आतल्या मोरीत गेली आणि दार लावून घेतलं. पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर दोघं तासभर उभे. शेवटी ती आली तेव्हा चेहरा धुतलेला होता.

"एकतीस वर्षं मी यंत्राला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "आता त्या तुम्हाला घालायच्या, तर तेवढा दम उरला नाही माझ्यात. तुम्ही तेव्हाच सांगायला हवं होतं. तेव्हा मी चांगलं भांडले असते."

"वहिनी..."

"काही बोलू नका. जा तुम्ही."

ते गेले. बसमध्ये बाबांनी खिडकीची काच लावली, उघडली, पुन्हा लावली. स्टुडिओत ते परत आले नाहीत. मालक घरी येऊन गेला, दाढीवाला दोनदा फोन करून "गजकाका, हत्ती वाट बघतायत" म्हणाला; ते नुसते हूं म्हणाले. खेळ बाजारात आला तेव्हा श्रेयनामावलीतून आपलं नाव त्यांनी काढायला लावलं. खेळणाऱ्यांनी लिहिलं, टॉर्पेडो अगदी खऱ्यासारखा आहे, कुणीतरी जाणकार बसलेला दिसतोय. लेकीनं ते वाचून दाखवलं नाही.

मामीकडे मात्र ती महिन्याकाठी एकटी जाऊ लागली. पहिल्या खेपेला मामीनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. दुसऱ्या खेपेला म्हणाली. मग हळूहळू ती कापडं कातरताना मामाचे किस्से सांगू लागली, त्याला पोहताच येत नव्हतं आणि तरी नौदलात कसा शिरला, ते. बाबांचं नाव निघत नसे. लेकही काढत नसे.

पाचव्या की सहाव्या खेपेला ती निघताना दारात पोचली, तेव्हा मामी काज शिवत, मान खाली घालूनच म्हणाली, "जेवतात का ते?"

"थोडंसं," ती म्हणाली.

मामीनं दोरा दातानं तोडला आणि पुढचं काज शिवायला घेतलं.