उजवी

"हे काय दिलंत, ताई?"

नव्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोपमधून डोळे काढले आणि ड्रिलचं टोक माझ्यापुढे धरलं. पेशंट हिरव्या कापडाखाली भूल घेऊन झोपलेला. उघडा होता तो फक्त त्याचा कान आणि कानामागचं कोरलेलं हाड. ड्रिलच्या टोकाला बर लावतात. बर म्हणजे गोल दातेरी मणी, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसाच. आधी कापणारा बर, आणि चेहऱ्याची नस जवळ आली की तो काढून हिऱ्याचा, गुळगुळीत. नस कापली गेली तर माणसाचं अर्धं तोंड लोंबतं, डोळा मिटत नाही, आणि ते दुखणं जन्मभराचं.

नस जवळ आली होती. डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं, मान न उचलता ते माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "डायमंड बर." मला त्यातलं ऐकू आलं नुसतं 'बर'. मला वाटलं, 'बरं' म्हणताहेत, काम छान चाललंय म्हणून. मग ड्रिल का दिलं? बर झिजला असेल. मी झिजलेला काढला आणि नवा कोरा, धारदार, कापणारा बर बसवून दिला. पायाखालचं बटण दाबायच्या आधी त्यांनी टोक बघितलं म्हणून वाचलो, पेशंटही आणि मीही.

"डायमंड म्हटलं होतं मी."

"हो सर," म्हणून मी बदलून दिला. पण इतकी कानकोंडी झाले, की मास्क होता तेच बरं झालं.

मला ऑपरेशनच्या मजल्यावर सगळे उजवी म्हणतात. ते नाव आधीच्या मोठ्या सरांनी ठेवलेलं. कुणी पाहुणा डॉक्टर ऑपरेशन बघायला आला, की सर माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "ही माझी उजवी. हिच्याशी मला बोलावंच लागत नाही." आणि खरंच लागत नसे. सर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसत आणि नुसता हात मागे करत. चिमटीत अंगठा आत दुमडला की हिऱ्याचा बर. दोन बोटं मोकळी ठेवून फिरवली की कापणारा. करंगळी वर गेली की बारीक हूक. तळवा नुसता उघडा राहिला की सक्शनची नळी. मी वस्तू त्या तळव्यात अशी ठेवायची, की त्यांना बोट सरकवावं लागू नये. बाकीच्या टेबलांवर आरडाओरडा चाले, "अगं ते नव्हे, ते दे!" आणि आमच्या टेबलावर सगळं शांत. मला त्याचा गर्व होता. का नसावा? नवऱ्याला इतक्या वर्षांत माझ्या मनातलं कळलं नाही आणि मला सरांच्या करंगळीतलं कळत होतं.

घरी मात्र माझं वाजायचं. नवरा म्हणायचा, "किती कानीकपाळी ओरडायचं तुझ्या? बहिरी झालीस का?" मी म्हणायची, "तुम्हीच तोंडातल्या तोंडात पुटपुटता. थिएटरमध्ये बरं सगळं ऐकू येतं मला!" लेक म्हणायची, "आई, तूच इतकं हळू बोलतेस की काही कळत नाही." त्यावरही माझ्याकडे उत्तर होतं. माझ्या हळू बोलण्याचं सरांनी चारचौघांत कौतुक केलं होतं. थिएटरमध्ये कसं बोलावं ते हिच्याकडून शिका म्हणाले होते.

सर निवृत्त झाले, नवे डॉक्टर आले. माणूस चांगला. ओरडत नाही, पाणउतारा करत नाही. पण मागायचं ते तोंडानं मागतो आणि हात कायम एकसारखा, उघडा. त्या हातात काहीच लिहिलेलं नसतं.

ऑपरेशन झाल्यावर त्यांनी मला ओपीडीत बोलावलं आणि पेशंटच्या स्टुलावर बसवलं. आम्ही थिएटरवाले पेशंट बघतो ते झोपवलेले. त्या स्टुलावर मी कधी बसले नव्हते. त्यांनी नादकाटा गुडघ्यावर आपटून माझ्या कानासमोर धरला.

"येतंय?"

"नाही."

तोच कानामागच्या हाडाला टेकवला. तो गुणगुणला, स्वच्छ, डोक्याच्या आतून.

"ड्रिल चालू असताना तुम्हाला माझं नीट ऐकू येतं," ते म्हणाले. "थांबलं की येत नाही. बरोबर?"

"गोंगाटात लोक मोठ्यानं बोलतात, सर."

"तेच. आणि तुम्ही स्वतः हळू बोलता, कारण तुमचा आवाज तुम्हाला आतून मोठा ऐकू येतो." मग त्यांनी जे सांगितलं ते मला सांगायची गरज नव्हती. कानात सगळ्यात आत, रिकिबीच्या आकाराचं एक हाड असतं, तांदळाच्या दाण्याएवढं. ते जाम होतं. ते काढून तिथे बारीकसा पिस्टन बसवतात. किती पिस्टन मी या हातांनी सरांच्या हातात दिलेत! त्या ऑपरेशनला पेशंटला पूर्ण झोपवत नाहीत. पिस्टन बसला की सर खाली वाकून त्याला विचारत, "ऐकू येतंय?" आणि तो माणूस हसायचा, कुणी रडायचा. माझा तो सगळ्यात आवडता क्षण. आता स्टुलावर बसल्या बसल्या ध्यानात आलं, की तो प्रश्न मला कित्येक वर्षांत ऐकूच आलेला नाही. सरांचा मास्क हलायचा आणि पेशंटचा चेहरा उजळायचा, त्यावरूनच मी तो ऐकलाय असं धरून चालले होते.

"मोठे सर कायमच हातानं मागायचे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे. सुरुवातीला बोलायचे. कान उपटायचे चांगले."

"मग बंद कधी झालं?"

मी आठवून बघितलं. "लेक झाली, बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले, त्यानंतर."

डॉक्टर नादकाटा पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता, पण मोठ्यानं म्हणाले, "बाळंतपणानंतर हा आजार बऱ्याचदा वाढतो, ताई. आमच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतं ते."

"आता करता येईल ना ऑपरेशन?"

"करता येईल. पण आतली ऐकण्याची नसही खचलीय. त्या वेळी जेवढं मिळालं असतं, तेवढं आता मिळणार नाही. कानाचं मशिन लावू आपण." मग म्हणाले, "आणि मला हे वर कळवावं लागेल. त्या पेशंटचा चेहरा गेला असता."

त्यांचं काही चुकलं नाही. एवढी अक्कल मला आहे. इनचार्ज सिस्टरनं मला टेबलावरून काढलं आणि खाली पाठवलं, हत्यारं धुऊन, वाफवून पॅक करायच्या खोलीत. "तिथे मशिनांचा दणदणाट असतो, सगळेच ओरडून बोलतात. तुला बरंच पडेल," ती म्हणाली. चांगल्या मनानंच म्हणाली मेली, पण मला तिचा गळा धरावासा वाटला. सरांच्या हातात मी ठेवायची तीच हत्यारं आता माझ्याकडे येतात ती रक्ताळलेली, परातीत, एकावर एक टाकलेली.

मी सरांच्या घरी गेले. सर निवृत्त झाल्यापासून तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं. "अगंबाई, उजवी! बस बस," म्हणत त्या आत काही करायला गेल्या. सर खुर्चीत होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय समोरच्या स्टुलावर आडवा. मला बघून चेहरा फुलला त्यांचा. खोटं कशाला बोलू, माझाही फुलला असेल. सवयच ती.

मग मी खुर्ची ओढून जवळ बसले आणि विचारलं, "माझे कान गेलेत हे तुम्हाला कधी कळलं, सर?"

त्यांनी 'काय?' म्हटलं नाही. आश्चर्य दाखवलं नाही. मला तिथेच सगळं कळलं. घरून निघताना मी देवाला म्हणत होते, की त्यांनी मला मूर्खात काढावं, 'भलतंच काय बोलतेस' म्हणून खेकसावं. ते खिडकीकडे बघायला लागले.

त्यांचे ओठ हलले. मास्कशिवाय सर बोलताना मी क्वचितच बघितलेले. "तुझ्या कानावर घालणार होतो मी," असं म्हणाले.

"कुठल्या कानावर?"

त्यांनी स्टुलावरचा पाय सारखा केला. मग जरा मोठ्यानं, "अगं, ऑपरेशन म्हणजे कधीकधी आहे तो कानही जातो. आणि बोभाटा झाला असता तर तुला टेबलावर ठेवलं असतं का कुणी? मी तुला सांभाळून घेतलं."

"मला सांभाळलंत की तुमचं टेबल सांभाळलंत?"

"तुझ्यासारखी दुसरी मिळाली नसती," सर म्हणाले. इतकी वर्षं हे वाक्य त्यांच्या तोंडून यावं म्हणून मी जीव टाकला होता. ते आलं, ते असं. रोज दुसऱ्यांच्या कानात पिस्टन बसवायचा हा माणूस. हातभर अंतरावर माझे कान बंद होत होते आणि याला त्यातून फक्त शांतता मिळत होती. लेकीचं लहानपणीचं बोबडं बोलणं मला धड आठवत नाही. मी समजत होते, कामाच्या रगाड्यात विसरले.

बाजूच्या टेबलावर गोळी काढून ठेवलेली होती, पलीकडे पाण्याचा पेला. गोळी सरांनी उचलून तोंडात टाकली. पेला लांब होता, पाय स्टुलावर. त्यांनी खिडकीवरची नजर न काढता हात माझ्याकडे केला. अंगठा जरासा बाहेर, चार बोटं गोल. ती खूण मी पूर्वी कधी बघितली नव्हती, पण कळायला वेळ लागला नाही. माझा हात पेल्यापर्यंत गेलासुद्धा.

तो मी तिथेच थांबवला.

"तोंडानं मागा, सर."

त्यांनी वळून बघितलं. ओठ हलले.

"ऐकू नाही आलं."

"पाणी दे," ते ओरडले. आवाज चिरका झाला, गोळी घशात अडकलेली. आतून त्यांच्या पत्नी हात पुसत धावत आल्या, "काय हो, काय झालं?" म्हणत. मी पेला उचलला आणि त्यांच्या तळव्यात ठेवला, बोट सरकवावं लागू नये असा.