रांगोळीत उभं कोण राहणार

विद्यापीठ पुन्हा उघडायचं कसं, याचा आराखडा सिद्धेश्वरी मॅडमनी केला होता. मॅडम रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मुलींचं वसतिगृहही सांभाळायच्या. दोन्हीकडे एक थेंब जास्त पडला तर काय होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुठल्या दारानं आत यायचं, कुठल्या दारानं बाहेर जायचं, खिडक्या कोणी उघडायच्या, मेसमध्ये कोणी कोणाकडे तोंड करून जेवायचं नाही, सगळं सगळं त्या आराखड्यात होतं. रांगेत कुठं उभं राहायचं तेही होतं. फाटकापासून परीक्षा भवनापर्यंतच्या रस्त्यावर सहा-सहा फुटांवर गोल काढायचे आणि एका गोलात एकानंच उभं राहायचं. यात चुकण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटलं असतं.

एवढं असूनही कुलगुरूंचं मन धजत नव्हतं. त्यांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. फेब्रुवारीत विद्यापीठ जेमतेम उघडलं आणि मार्चमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनं असं गाठलं, की मुली आपल्या पेट्या खोलीतच टाकून गावाकडे पळाल्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कुलगुरू तर ताकाच्या भांड्याकडे बघायलाही तयार नव्हते. शेवटी असं ठरलं, की दिवाळीआधी एक दिवस शेवटच्या वर्षाच्या मुलांना बोलवायचं, लशीची प्रमाणपत्रं बघायची, तपासण्या करायच्या आणि रांग कशी चालते ते कुलगुरूंनी डोळ्यांनी बघायचं. नीट चालली तर दिवाळीनंतर वसतिगृह सुरू. गर्दी झाली तर यंदाचं वर्ष घरूनच.

मॅडमच्या जिवाला त्या दिवसाचा घोर लागला होता तो मायाक्कामुळे.

मायाक्का मंगळवेढ्याच्या पलीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. एमएस्सीला आलेली त्यांच्या गावातली पहिलीच पोर. वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा ती माळावरच्या पाण्याच्या टाकीवर चढून तास ऐकायची, कारण रेंज तिथंच यायची. मॅडम तिला फळ्यावरचं शिकवू शकत होत्या, पण प्रयोगशाळेतलं काम टाकीवर बसून कसं व्हायचं? त्यात गेल्या आठवड्यात तिच्या वडिलांचा, धुळाप्पांचा, फोन आला.

"मॅडम, आमी शिक्षणाच्या आड येणारी मानसं न्हाय," ते म्हणाले. "पर मोबाइलात बघून केमिस्ट्री व्हतीय व्हय? पोरीला टेंभुर्णीचं चांगलं ठिकान आलंय. पाव्हनं किती दिस थांबतील?"

"धुळाप्पा, वसतिगृह दिवाळीनंतर उघडेल."

"मागल्या येळंला बी असंच म्हनला हुता की. आता मी सोता येतो. उघडनार आसंल तर पोरगी तुमची. न्हाय तर पेटी घिऊन जातो अन् पाव्हन्यास्नी सबूद देतो."

मॅडमनी फोन ठेवला. मायाक्काचा हात काचेच्या नळीवर किती हलका चालतो, ते त्यांनी फेब्रुवारीत पाहिलं होतं. असा हात वर्गात वर्षानुवर्षं येत नाही. तो हात टेंभुर्णीला जाऊन भाकरीच थापेल, या विचारानं त्यांना रागही आला आणि रडूही.

आता गोल काढायचे म्हणजे रंगारी हवा. आणि दिवाळीच्या तोंडावर सोलापुरात रंगारी मिळणं म्हणजे देव भेटण्यासारखं. सगळे घरोघरी भिंती रंगवण्यात गुंतलेले. म्हणून मॅडमनी सोनाबाईंना सांगितलं, की उद्या लवकर येऊन रस्त्यावर चुन्याचे गोल काढा. सोनाबाई विद्यापीठात शिपाई होत्या. कुंभारीहून पहिल्या गाडीनं यायच्या आणि सांगितलेलं काम कधी अर्धं सोडायच्या नाहीत. उलट सांगितल्याहून चार आणे जास्तच करायच्या.

त्या दिवशी तेच झालं.

मॅडम सकाळी फाटकातून आत आल्या आणि जागीच थबकल्या. काळ्या डांबरावर फाटकापासून परीक्षा भवनापर्यंत रांगोळ्याच रांगोळ्या. कमळ, मोर, गोपद्म, नंदी, मध्येच त्रिदळ बेल आणि चक्क शिवलिंग. सोनाबाई आणि झाडलोटीच्या दोघीतिघींनी पहाटेपासून बसून काढलेल्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळी घालणारा तो हात. यंदा यात्रा साधेपणानं झाली, तेव्हा राहून गेलेली सगळी हौस सोनाबाईंनी विद्यापीठाच्या रस्त्यावर फेडून घेतली होती.

"काय सुंदर काढलंय, सोनाबाई!" मॅडम म्हणाल्या आणि साडी जरा उचलून, रांगोळ्यांच्या कडेकडेनं चालत भवनापर्यंत गेल्या.

"चुन्याचं पांढरंफटक गोल बरं दिसतंय व्हय?" सोनाबाई खूश होत्या. "लई दिसांनी लेकरं घरला येनार. म्हनलं, गोलात कायतरी भरूया की."

भवनाच्या पायरीवर पोचल्यावर मॅडमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आराखडा ज्यांनी केला, त्या स्वतः एकाही गोलात पाय न ठेवता इथवर आल्या होत्या. मग उभं कोण राहणार होतं त्यात?

पण तोवर फाटक उघडलं होतं. मुलं आली. इतक्या महिन्यांनी एकमेकांना बघून आधीच उधाण आलेलं. त्यात रांगोळी दिसल्यावर प्रत्येकानं शहाण्या घरातल्या लेकरासारखं केलं. मोर तुडवायचा नाही, बेलावर पाय द्यायचा नाही, शिवलिंगाचं तर नावच नको. सगळी मुलं रस्त्याच्या दोन्ही कडांना सरकली आणि झाडांच्या बुंध्यांशी खांद्याला खांदा लावून दाटीवाटीनं उभी राहिली. रस्त्याचा मधला भाग रांगोळ्यांसाठी मोकळा, कडेला नुसती जत्रा. गर्दी होऊ नये म्हणून केलेल्या गोलांनीच गर्दी करून दाखवली. करायला गेले गणपती, झाला मारुती, तो असा.

"अरे, गोलात उभे राहा! एकेक जण!" मॅडम ओरडल्या.

मुलं गोलांकडे बघायची, मॅडमकडे बघायची आणि ओशाळं हसायची. एका मुलानं धीर करून चपला काढल्या आणि कमळाच्या पाकळीवर अंगठा टेकवला. तेवढ्यात मागून कुणीतरी "अरे अरे" केलं, तसा बिचाऱ्यानं विस्तवावर पडल्यासारखा पाय मागे घेतला.

त्याच वेळी कुलगुरूंची गाडी आली आणि फाटकाबाहेरच थांबली. ड्रायव्हर काचेतून मान बाहेर काढून म्हणाला, "साहेब, रांगोळीवरनं गाडी कशी घालू?" कुलगुरू उतरले आणि त्यांनाही कडेच्या गर्दीतूनच अंग चोरत यावं लागलं. मास्कवरचे त्यांचे डोळे बघूनच मॅडमना सगळं कळलं.

"मॅडम, हेच का तुमचं सहा फुटांचं अंतर?"

"सर, मला थोडा वेळ द्या."

"मला वाटतं, यंदा नकोच. नंतर बघू." ते रागानं नाही, थकलेल्या आवाजात म्हणाले, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

मायाक्का पलीकडच्या झाडाखाली होती. तिला शब्द ऐकू गेले नसतील, पण कुलगुरूंची हललेली मान दिसली. तिनं फाटकाबाहेर उभ्या असलेल्या, पेटी न्यायला आणलेल्या पिकअपकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

मॅडमना राहवेना. "सोनाबाई, झाडू आणा. पुसून टाका सगळं."

सोनाबाईंनी झाडू आणला, पण तो हातातच राहिला. त्यांचे डोळे भरून आले. "मॅडम, लेकरं दारात आल्यावर रांगोळी पुसायची? ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. मला पायजे तर कामावरनं काढा."

मॅडमनी झाडू स्वतःच्या हातात घेतला. पहिल्या मोराशी गेल्या. वाकल्या. आणि त्यांचाही हात चालेना. मोराच्या पिसाऱ्यातला प्रत्येक डोळा वेगळ्या रंगानं भरला होता. त्यांनी वैतागून मान वर केली, आणि समोर त्यांना धुळाप्पा दिसले.

लाल पटका, खांद्यावर घोंगडं, तोंडाला पोरीनं बांधून दिलेला मास्क. ते सगळ्यांच्या आधी येऊन सरळ आत शिरले होते. पहिल्या रांगोळीला वळसा घालून पुढं आले, तर पुढं दुसरी. तेवढ्यात दोन्ही बाजूंनी मुलांचा लोंढा आला. धक्काबुक्कीची सवय नसलेला माणूस. मोर आणि नंदी यांच्या मधल्या मोकळ्या जागेत जो थांबला तो तिथंच. पुढं रांगोळी, मागं रांगोळी. त्या अख्ख्या गर्दीत पुढं-मागं सहा फूट मोकळं असलेला माणूस एकच होता. त्याला फाटकावरच्या सुरक्षारक्षकानं शिट्टी मारली नव्हती की कुणी दटावलं नव्हतं.

मॅडम झाडू घेऊन ताडकन उभ्या राहिल्या.

"सोनाबाई! रांगोळी शिल्लक आहे?"

"व्हय, पोतंभर हाय की."

"मग पुसू नका. आणखी काढा. उजवी कड सगळी भरून टाका, वेलबुट्टी काढा, काय वाटेल ते काढा. डावीकडे एक माणूस कसाबसा जाईल एवढीच वाट ठेवा." मग मुलांकडे वळून त्या म्हणाल्या, "रांगोळीत नाही, दोन रांगोळ्यांच्या मधे उभं राहायचं! पुढचा सरकला की डावीकडून वळसा घालून पुढच्या जागेत. कळलं?"

न कळायला काय झालं? हे तर सगळ्यांना आईच्या कडेवर असल्यापासून कळत होतं. मुलांना फाटकाबाहेर जायला सांगितलं. बायांनी मुठी भरभरून कड धरली, दोघीतिघी विद्यार्थिनीही पदर खोचून वाकल्या, त्यांत मायाक्का सगळ्यात पुढे. कुलगुरू हाताची घडी घालून बघत राहिले, पण गेले नाहीत.

मग एकेक जण आत येऊ लागला. मोराच्या पुढं एक, नंदीच्या पुढं एक, बेलाच्या पुढं एक. पुढचा सरकला की मागचा अंग आकसून, कमळाची पाकळी वाचवत, पुढच्या जागेत. कुणी कुणाला खेटायला जावं तर मध्ये देवाचं चित्र. सुरक्षारक्षकाला शिट्टी तोंडात धरायचंही काम उरलं नाही. रांग मुंगीच्या पावलानं, पण बिनबोभाट चालत राहिली.

बऱ्याच वेळानं कुलगुरू स्वतःच जाऊन दोन रांगोळ्यांच्या मधे उभे राहिले आणि इतरांसारखे वळसे घालत भवनापर्यंत आले.

"मॅडम, गोलात उभं राहायचं हे तुमच्या आराखड्यात होतं ना?"

"होतं, सर. चुकलं होतं."

"मग दुरुस्त करा. आणि मेसच्या दारात, ग्रंथालयापुढंही अशाच काढून घ्या." ते जरा थांबले. "वसतिगृह दिवाळीनंतर उघडू. पण एका खोलीत एकच मुलगी. आणि आज एवढ्या लांबून आलेल्यांना खोल्या उघडून द्या, हवा लागू दे."

सिद्धेश्वरी मॅडमना इतका आनंद झाला, की त्यांनी सहा फूट विसरून सोनाबाईंचे रांगोळीनं माखलेले हात घट्ट धरले. तेवढी एक चूक त्या दिवशी त्यांनी जाणूनबुजून केली.

मायाक्का आणि धुळाप्पा वसतिगृहाच्या दारात उभे होते. मॅडमनी पर्समधून तिच्या खोलीची किल्ली काढली. मार्चपासून ती त्यांच्याकडेच होती. पेटी न्यायला बापच आला आहे, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांनी ती धुळाप्पांपुढे धरली. पण कुलगुरूंनी हो म्हटलं म्हणून बापानंही म्हणायलाच हवं असं थोडंच असतं?

धुळाप्पांनी किल्लीकडे पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं. तिच्या बोटांना पांढरी, हळदी रांगोळी लागली होती.

"आप्पा, पेटी..." ती म्हणाली.

"पेटीचं काय? ऱ्हाऊ दे की हितंच. दिवाळीला घरला चल, मग आनून सोडतो." त्यांनी घोंगडं खांद्यावर सारखं केलं आणि मॅडमना म्हणाले, "किल्ली माज्याकडं कशाला देताय? ऱ्हानार ती, तिच्या हातात द्या."

मायाक्कानं किल्ली घेतली. धुळाप्पा वळले आणि पिकअपवाल्याला सांगायला निघाले, की पेटी न्यायची नाही. वाटेत नंदी आला, मोर आला. त्यांनी दोघांनाही वळसा घातला.