बोटं कोणी उघडली?

"उघडली! अगं, उघडली बघ!" नवरा खुर्चीतून उठलाच.

तिच्या उजव्या हाताची बोटं खरंच उघडली होती. चारही. मुठीतला स्पंजचा चेंडू सुटून टेबलावरून घरंगळत खाली गेला. ती बघतच राहिली.

व्यायाम घेणारी मुलगी मात्र हसली नाही. तिने चेंडू उचलून परत हातात दिला. "ताई, आता मनगट सरळ ठेवा. मी धरते. हां, उघडा."

तिने सगळा जीव हातात आणला. बोटं चेंडूला चिकटली ती चिकटलीच.

"मनगट खाली वाकलं की आतल्या दोऱ्या ताणल्या जातात," मुलगी हळूच म्हणाली. "बोटं आपोआप उघडतात. तुम्ही नाही उघडत."

"मग कोण उघडतं?" नवऱ्याने विचारलं. तिलाही तेच विचारायचं होतं.

हॉटेलच्या लाँड्रीत तिची निम्मी हयात गेली होती. धुतलेल्या चादरींतलं पाणी काढायला तिथे गरगर फिरणारा मोठा ड्रम होता. त्याच्या झाकणाची कडी मोडकीच होती. ड्रम पुरता थांबायच्या आत झाकण उघडायचं आणि चादर ओढायची, ही सवय सगळ्यांनाच होती. तिलाही. एके सकाळी चादरीनेच तिला ओढलं. पीळ हातावर बसला. हाड वाचलं, पण कोपराखालचं पाठच्या बाजूचं मांस जवळजवळ सगळं गेलं. तेव्हापासून तिची मूठ वळायची, उघडायची नाही. भांडं धरलं की ते सोडवायला डावा हात लागायचा. पोळलं तरी बोटं सोडायची नाहीत.

"स्नायू स्वतःला दुरुस्त करतो," सर्जन तेव्हा म्हणाले होते. "पण त्यासाठी थोडा तरी शिल्लक लागतो. तुमच्याकडे खड्डाच आहे." त्या खड्ड्यात ते एक जाळी बसवणार होते. डुकराच्या मूत्राशयाची. त्यातल्या सगळ्या पेशी धुऊन काढलेल्या, नुसता सांगाडा ठेवलेला. त्या आधाराने तिचे स्वतःचे तंतू वाढतील, अशी आशा होती. नवी पद्धत होती, खात्री नव्हती.

"नीट धुतलंय ना?" तिने विचारलं होतं. सर्जन हसले. ती थट्टा करत नव्हती.

जाळी बसवल्यानंतर खड्डा भरत आला. पण काय भरलं, ते कोणी छातीठोक सांगेना. म्हणून आज बारीक सुई टोचून तपासणी होती. सुईची तार एका यंत्राला जोडली होती. स्नायू जागा झाला की यंत्रातून आवाज येणार होता.

"आधी मनगट वाकवा," सर्जन म्हणाले.

तिने वाकवलं. बोटं छान उघडली. यंत्र गप्प.

"आता मनगट सरळ. बोटं उचलायचा प्रयत्न करा."

बोटं जागची हलली नाहीत. पण यंत्रातून खरखर आली. तिने जोर सोडला, खरखर थांबली. पुन्हा जोर लावला, पुन्हा आली.

"हे काय आहे?" ती दचकून म्हणाली.

"हा तुमचा नवा स्नायू."

"मग बोट का हलत नाही?"

"फार थोडा आहे. बाकी सगळा व्रण."

म्हणजे बोटं हलतात तेव्हा तो नसतो, आणि तो असतो तेव्हा बोटं हलत नाहीत. तिने मनातल्या मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं. डोकं गरगरायला लागलं.

सर्जनांनी खुर्ची जवळ ओढली. मांडीतला एक स्नायू काढून इथे बसवता येईल, म्हणाले. बोटं उचलायची आशा त्यात जास्त. "पण आधी हे साफ करावं लागेल."

"हे म्हणजे?"

"व्रण. आणि जे थोडं आलंय, तेही."

"ते वाढणार नाही का अजून?"

"खरं सांगू? कामापुरतं वाढेल असं वाटत नाही."

"पण जिवंत आहे ना?"

"जिवंत आहे," सर्जन म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

घरी परतताना नवरा म्हणाला, "करून टाक." पुढच्या वळणावर म्हणाला, "की थांबायचं?"

"तुम्ही काय ते एक सांगा."

"मला काय कळतंय? मी भिंती रंगवणारा माणूस."

पुढचे कितीतरी दिवस ती भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना मनातल्या मनात म्हणायची, उचल. आत काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं. की आपल्यालाच तसं वाटायचं? इथे यंत्र नव्हतं, कळायला मार्ग नव्हता. शेवटी तिने हो सांगितलं. सांगून झाल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती लाँड्रीत गेली. घडीच्या टेबलापाशी तिची जोडीदारीण लांबी एकटीच होती. उंचीमुळे तिला सगळे लांबीच म्हणत. इतकी वर्षं दोघी मिळून चादरी घडी घालत आल्या होत्या. एकमेकींसमोर चालत यायचं, आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची.

"ये ताई, धर," लांबीने सवयीने चादर पुढे केली.

तिने धरली. दोघी समोरासमोर आल्या. लांबी टोक घ्यायला थांबली. मनगट न वाकवता ते सुटेना. तेव्हा लांबीने तिचं एकेक बोट हलकेच सोडवलं, टोक काढून घेतलं.

"उद्या काढणार आहेत ते," ती म्हणाली. "आतलं."

"बरंच झालं की."

"इथे हात ठेव जरा. मी उचलते. तुझ्या हाताला काही लागतंय का सांग."

लांबीने घडी बाजूला ठेवली आणि गरम, ओलसर तळवा तिच्या हातावरच्या खडबडीत कातडीवर ठेवला. तिने डोळे मिटून जोर लावला.

"लागतंय," लांबी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "की माझाच हात थरथरतोय गं?"

तिने पुन्हा एकदा जोर लावला. लांबीने हात काढला नाही.